अंगणातल्या दगडी फरशीला ॲसिड नको, वेळ द्या

दसरा आटोपला की घरोघरी दिवाळीच्या साफसफाईला सुरुवात होते. जळमटे निघतात, पडदे धुतले जातात, स्वयंपाकघरातले डबे घासून लखलखीत होतात. मग नजर जाते अंगणाकडे. चार महिने पावसात भिजलेली फरशी हिरवी-काळी पडलेली असते, सांध्यांतून गवत डोकावत असते आणि तुळशीवृंदावनाभोवती तेलाचे डाग उठून दिसत असतात. अशा वेळी कुणीतरी हमखास सुचवते, "ॲसिडची बाटली आणा, पाच मिनिटांत फरशी नव्यासारखी होईल."

फरशी पाच मिनिटांत उजळते, हे खरे आहे. पण त्या पाच मिनिटांत दगडाचा वरचा थर विरघळून जातो, सांधे कमकुवत होतात आणि ॲसिड ओतणाऱ्याचे हात, डोळे व फुफ्फुसे धोक्यात येतात. पुढच्या पावसात तीच खडबडीत झालेली फरशी अधिक पाणी पिते आणि शेवाळ अधिक जोमाने धरते.

शेवाळ हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. घरात आजी-आजोबा असतील, तर बुळबुळीत अंगण ही मोठी जोखीम आहे. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात. पहाटे तुळशीला पाणी घालायला निघालेल्या आजींचा पाय एकदा सटकला आणि खुब्याचे हाड मोडले, तर चालते-फिरते माणूस अंथरुणाला खिळू शकते. म्हणूनच अंगणाची निगा नीट समजून घेतली पाहिजे. हे काम अवघड नाही. फक्त क्रम पाळावा लागतो आणि थोडा धीर धरावा लागतो.

आधी दगड ओळखा

महाराष्ट्रात अंगणात बहुधा शहाबादी फरशी असते. ती येते कर्नाटकातल्या कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) जिल्ह्यातल्या शहाबाद परिसरातून. हैदराबादच्या बाजूला राहणाऱ्यांकडे तांदूरची फरशी असते. आंध्रातला काळा कडप्पा तर आपल्याकडे ओट्यापासून पायऱ्यांपर्यंत सगळीकडे पोहोचला आहे. इंदूर, बडोदा, दिल्लीकडच्या घरांत राजस्थानचा हिरवट-निळसर कोटा दिसतो. या चारही फरश्या मुळात चुनखडीचे दगड आहेत.

ग्वाल्हेर, आग्रा, दिल्लीकडे लाल किंवा पिवळसर वालुकाश्म वापरतात. कोकणात आणि गोव्यात अंगणाला जांभा असतो, तर देशावर जुन्या वाड्यांच्या चौकात काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट असतो. शहरांतल्या सोसायट्यांच्या आवारात आता बहुतेक सिमेंटचे पेव्हिंग ब्लॉक दिसतात.

आपला दगड कोणता, हे कळत नसेल तर एक सोपी परीक्षा करावी. एका कोपऱ्यात, सहज दिसणार नाही अशा जागी, लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकावेत. बारीक बुडबुडे आले, तर दगडात चुना आहे. ज्याला लिंबूसुद्धा चालत नाही, त्याला ॲसिड कसे चालेल? परीक्षा झाल्यावर ती जागा लगेच पाण्याने धुऊन टाकावी.

ॲसिड का नको?

बाजारात 'फरशी साफ करण्याचे ॲसिड' म्हणून मिळते, ते बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. चुनखडीवर ते पडले की फसफसून फेस येतो. आपल्याला वाटते, मळ निघतो आहे. प्रत्यक्षात दगडच विरघळत असतो आणि फेस असतो तो कार्बन डायऑक्साइड वायूचा. सिमेंटचे ब्लॉक आणि सिमेंटचे सांधे यांचीही हीच गत होते. जांभा आणि लाल वालुकाश्म यांचा रंग त्यातल्या लोहामुळे असतो. तिथे ॲसिडने रंग विटतो किंवा गंजासारखे पिवळे डाग उमटतात.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. शेवाळ घालवायला बरेच जण ब्लीचिंग पावडर वापरतात. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू बाहेर पडतो. पहिल्या महायुद्धात, 22 एप्रिल 1915 रोजी, बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला होता तो हाच वायू. संडास साफ करण्याच्या अनेक द्रावणांतही ॲसिड असते, त्यामुळे तेही ब्लीचिंग पावडरबरोबर कधीच वापरू नये. बंदिस्त चौकात किंवा मोरीत धोका आणखी वाढतो.

चुकून असे मिश्रण झालेच आणि उग्र वास येऊन डोळे चुरचुरू लागले, तर साफ करत बसू नये. सर्वांना घेऊन ताबडतोब मोकळ्या हवेत, वाऱ्याच्या उलट दिशेला जावे. खोकला किंवा छातीत जळजळ होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे, कारण त्रास काही तासांनी वाढू शकतो. अंगावर किंवा डोळ्यात ॲसिड उडाले, तर वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान 15 ते 20 मिनिटे धुवावे आणि मग दवाखाना गाठावा.

ॲसिड सरबताच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय तर फारच घातक. तहानलेले मूल बाटलीवरचे नाव वाचत बसत नाही. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने खरेदीदाराचे ओळखपत्र पाहावे, नोंद ठेवावी आणि 18 वर्षांखालील मुलांना ॲसिड विकू नये, असे सांगितले. ज्या वस्तूसाठी एवढा बंदोबस्त करावा लागतो, ती मोलकरणीच्या हाती देऊन तिला अनवाणी अंगण घासायला लावणे कितपत योग्य आहे, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

धुण्याची योग्य रीत

प्रथम खराट्याने अंगण कोरडेच झाडून घ्यावे. पालापाचोळा आणि माती तशीच ठेवून पाणी ओतले, तर सगळा गाळ सांध्यांत जाऊन बसतो. मग सांध्यांतले गवत काढावे. आदल्या संध्याकाळी थोडे पाणी शिंपडून ठेवले, तर गवत मुळासकट निघते. पिंपळाचे किंवा वडाचे रोप मात्र दोन पानांचे असतानाच उपटावे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले ते इवलेसे बी पुढे फरशीच काय, भिंतही उचलते.

त्यानंतर बादलीभर कोमट पाण्यात थोडे सौम्य साबणाचे द्रावण घालून काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ताठ ब्रशने फरशी घासावी. तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे तुटलेले बारीक तुकडे दगडात अडकतात आणि गंजून तांबडे ठिपके पाडतात. घासून झाल्यावर भरपूर पाण्याने धुवावे. साबण राहिला तर फरशी चिकट होते आणि धूळ धरते.

शेवाळ ब्रशने निघाले नाही, तर 10 लिटर पाण्यात सुमारे 100 ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवावी. गाळ खाली बसू द्यावा आणि वरची निवळी तेवढी वापरावी. पंधरा मिनिटे ती फरशीवर राहू द्यावी, मग घासून स्वच्छ धुवावे. हातात रबरी मोजे आणि पायात बूट हवेत. तुळस आणि फुलझाडांच्या मुळाशी हे पाणी जाणार नाही, याची काळजी घ्यावी. रंगीत दगडावर आधी कोपऱ्यात करून पाहावे.

आजकाल जोरदार फवारा मारणारी यंत्रे भाड्यानेही मिळतात. त्यांनी काम झटपट होते, पण नळीचे तोंड फरशीला टेकवले तर सांध्यांतली वाळू उडून जाते आणि मऊ दगडाला चरे पडतात. पसरट फवारा ठेवावा, निदान फूटभर अंतर राखावे आणि पाणी सांध्याला तिरके लागेल असे मारावे. जांभ्यावर हे यंत्र न वापरणेच बरे.

डागांवर घरगुती उपाय

पणत्यांचे आणि समईचे तेल दगडात मुरलेले असते, ते नुसत्या घासण्याने निघत नाही. तेल बाहेर ओढून काढावे लागते. मुलतानी मातीत किंवा खडूच्या भुकटीत धुण्याच्या सोड्याचे पाणी घालून श्रीखंडाइतका घट्ट लेप करावा. डागावर बोटभर जाड थापावा, वर प्लास्टिक झाकून 24 तास ठेवावे. मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्यावा. लेप वाळताना तेल शोषून घेतो. जुन्या डागासाठी हा उपाय दोन-तीनदा करावा लागतो.

हळदीच्या डागाला साबण किंवा सोडा लावला की तो लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तोच हा प्रकार! घाबरू नये. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. जागा पाण्याने धुऊन काही दिवस ऊन लागू दिले की डाग फिका होत जातो.

नव्या फरशीवर पांढरी भुकटी येते, तिला गवंडी 'लोणा' म्हणतात. खालच्या सिमेंटमधले किंवा वाळूतले क्षार पाण्याबरोबर वर येतात आणि पाणी उडून गेले की पांढरे होऊन मागे राहतात. त्यावर लगेच पाणी ओतले, तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. आधी कोरड्या ब्रशने भुकटी झाडून काढावी, केरसुपलीत भरून टाकावी आणि मगच पुसावे. काही महिन्यांत लोणा आपोआप कमी होतो. तो वर्षानुवर्षे येतच राहिला, तर खाली ओल आहे असे समजून नळ किंवा गटार तपासून घ्यावे.

सांधे भरणे: सगळ्यांत दुर्लक्षित काम

फरशी कशावर बसवली आहे, यावर सांध्याची दुरुस्ती अवलंबून असते. शहाबादी किंवा कोटा बहुधा सिमेंटच्या मालावर बसवतात आणि सांधेही सिमेंटनेच भरतात. असा सांधा फुटला असेल तर त्यात नुसती वाळू घालून उपयोग नाही. सुटा झालेला माल खरवडून, सांधा ओला करून, गवंड्याकडून दर्जा पुन्हा भरून घ्यावा. नाहीतर तिथून पाणी खाली जाते, खालची माती बसते आणि फरशी पोकळ वाजू लागते.

पेव्हिंग ब्लॉकची आणि वाळूवर बसवलेल्या दगडांची गोष्ट वेगळी. तिथे सांध्यांतली वाळू हाच सगळ्या अंगणाचा आधार. वाळू घट्ट बसलेली असेल, तर एका ब्लॉकवर आलेला गाडीचा भार शेजारच्या ब्लॉकवर वाटला जातो. वाळू पावसाने वाहून गेली किंवा मुंग्यांनी उकरून काढली की प्रत्येक ब्लॉक एकटा पडतो. मग तो डुगडुगतो, कड उचलतो आणि रात्रीच्या अंधारात पाय अडखळतो.

वाळू भरण्यासाठी फरशी आणि वाळू दोन्ही पूर्ण कोरड्या हव्यात. बारीक चाळणीने चाळलेली, मातीविरहित वाळू घ्यावी. समुद्राची खारी वाळू मुळीच नको. त्यातल्या क्षारांनी पुन्हा लोणा येतो. वाळू फरशीवर पसरून खराट्याने सांध्यांना तिरकी झाडावी, म्हणजे ती आत उतरते. मग रबरी हातोडीने ब्लॉक हलके ठोकावेत आणि वाळू खाली बसली की पुन्हा भरावी. मोठ्या आवारात ठोकण्याचे यंत्र आणतात, पण पातळ नैसर्गिक दगडावर ते चालवू नये, दगड तडकतो. सांधा काठोकाठ न भरता वरून सुमारे 3 मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी. शेवटी अगदी हलके पाणी शिंपडावे आणि आठवड्याने जिथे वाळू खचली असेल तिथे पुन्हा घालावी.

वाळू किती लागेल? ब्लॉक 20 बाय 10 सेंटिमीटरचे, 6 सेंटिमीटर जाड आणि सांधे 3 मिलिमीटरचे असतील, तर रिकामे सांधे पूर्ण भरायला एका चौरस मीटरला साधारण 4 किलोच्या वर वाळू लागते. म्हणजे 10 बाय 10 फुटांच्या अंगणाला सुमारे 40 किलो. नुसती वरची भर घालायची असेल तर त्याहून बरीच कमी पुरते.

काही कारागीर वाळूत कोरडे सिमेंट मिसळतात. त्याने फरशीवर राखाडी डाग पडतात आणि ब्लॉक जरा हलले की सांधा तडकतो. पाणी लागल्यावर घट्ट होणारी पॉलिमरची तयार वाळूही मिळते. ती महाग असते आणि पाणी मारण्याआधी फरशीवरचा तिचा कण न् कण झाडून काढावा लागतो, नाहीतर पांढरट पापुद्रा कायमचा बसतो.

सीलर लावावा की नाही?

सीलर म्हणजे दगडाने पाणी आणि तेल पिऊ नये म्हणून लावायचे द्रावण. ते प्रत्येक दगडाला लागतेच असे नाही. स्वच्छ, कोरड्या फरशीवर चमचाभर पाणी ओतावे आणि दहा मिनिटे थांबावे. पाण्याचा थेंब तसाच राहिला तर सीलरची गरज नाही. दगड काळसर झाला तर तो तहानलेला आहे. वालुकाश्म, जांभा आणि बरीच चुनखडी पाणी पिते. ग्रॅनाइट आणि घट्ट काळा पाषाण सहसा पीत नाही.

सीलर दोन प्रकारचे असतात. एक दगडाच्या छिद्रांत मुरतो. त्याने फरशीचे रूप फारसे बदलत नाही आणि आतली वाफ बाहेर पडू शकते. दुसरा वर चकचकीत थर धरतो. दुकानात हा दुसरा फार आकर्षक वाटतो, पण उघड्या अंगणात तो पावसात निसरडा होतो. खाली ओल अडकली की पांढरा पडतो आणि पुढे त्याचे पोपडे निघतात. म्हातारी माणसे आणि मुले वावरतात त्या अंगणासाठी मुरणाराच घ्यावा. डब्यावर आपल्या दगडाचे नाव आहे की नाही, हेही वाचून पाहावे. काही घरांत कडप्प्याला काळेपणा यावा म्हणून तेल चोळतात. बाहेरच्या फरशीवर तसे करू नये, धूळ चिकटते आणि पाय घसरतो.

सीलरचे खरे गुपित म्हणजे कोरडेपणा. फरशी वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते. रात्री प्लास्टिकचा एक तुकडा फरशीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून ठेवावा. सकाळी त्याखाली पाण्याचे थेंब दिसले किंवा दगड काळसर झाला, तर अजून थांबावे. नव्या बसवलेल्या फरशीला निदान महिनाभर हात लावू नये.

लावताना उन्हाचा तडाखा टाळावा, कारण तापलेल्या दगडावर द्रावण मुरण्याआधीच वाळते. रोलरने किंवा कापडाने पातळ हात द्यावा. काही मिनिटांत न मुरलेले द्रावण पुसून घ्यावे, नाहीतर चिकट ठिगळे दिसतात. त्यानंतर 24 तास पाणी, पाय आणि पाऊस लागू देऊ नये. काही सीलर पेट घेणारे असतात. त्या दिवशी तुळशीपुढचा दिवा आणि उदबत्ती घरातच लावावी. वर्षातून एकदा चमचाभर पाण्याची परीक्षा करावी आणि दगड पुन्हा पाणी पिऊ लागला की नवा हात द्यावा.

केव्हा काय करावे?

दिवाळीपूर्वी अंगण धुणे योग्यच, पण त्याच आठवड्यात सीलर उरकण्याची घाई करू नये. पावसाळा नुकताच संपलेला असतो आणि दगडाच्या पोटात पाणी असते. महाराष्ट्रात वाळू भरण्याला आणि सीलरला फाल्गुन ते वैशाख हा काळ उत्तम. मृगाच्या आधी काम पुरे व्हावे. दिल्ली-ग्वाल्हेरकडे थंडीत धुके आणि दव असते, तिथे मार्च-एप्रिल बरा. चेन्नईकडे राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, म्हणून त्यांनीही उन्हाळाच निवडावा.

इतके करूनही शेवाळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर फरशीचा उतार पाहावा. मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर उतार असला की पाणी साचत नाही. पाणी साचले नाही की शेवाळाला थारा मिळत नाही. कूलरचे किंवा टाकीचे गळणारे पाणी बंद करावे, फांद्या छाटून ऊन येऊ द्यावे.

गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांना कारागिराकडून टाकी मारून घ्यावी. कुणी यंत्राने फरशी घासून देणार असेल, तर पाणी वापरूनच घासायला सांगावे. वालुकाश्माची कोरडी धूळ फुफ्फुसांत जाऊन सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. राजस्थानच्या खाणींत या आजाराने इतके कामगार ग्रासले, की तिथल्या सरकारला 2019 मध्ये फुफ्फुसांत धूळ साठून होणाऱ्या अशा आजारांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर करावे लागले. आपल्या अंगणात काम करणाऱ्या माणसाच्या नाकावर मास्क आहे ना, हे पाहणे आपलेच काम आहे.

थोडक्यात क्रम असा: झाडा, धुवा, डाग काढा, वाळू द्या, सांधे भरा आणि गरज असेल तरच सीलर लावा. यातले एकही काम पाच मिनिटांचे नाही. पण दरवर्षी एवढे केले, तर आजोबांच्या काळची शहाबादी नातवंडांच्या पायाखालीही तशीच राहील, आणि भर पावसातही घरातल्या वडीलधाऱ्यांना तुळशीपर्यंत जाताना कुणाचा हात धरावा लागणार नाही.